हरकत नाही

मिरजेच्या स्टँडवरून, हल्याळच्या गाडीतून
मी भावाला काय काय पाठवलंय.
जयसिंगपूरचं भडंग, ओली हळद, तासगावचे बेदाणे,
आईच्या जुन्या नऊवारीची दुपटी,
एकदा तर विरजणसुद्धा, डब्याला फडकं आवळून.
ड्रायव्हरच्या हातात वीस रुपये,
आणि फोनवर, "आनंदा, स्टँडवर जा रे, सातला पोचतीय."

आप्पांच्या बंदुकीचंही मी तसंच धरून चालले होते.
गोणपाटात गुंडाळायची, सुतळीनं शिवायची, वर पत्ता.

कोकरूडच्या ठाण्यातले मुल्ला कारकून
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"ताई, ही काय लोणच्याची बरणी आहे?"

मग कागद.
मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला,
आप्पांचं लायसन, ज्यातल्या फोटोत
ते कधी नव्हते इतके घाबरलेले दिसतात.
आनंदाचं लायसन कारवारहून, कानडीत,
त्याचं मराठी, शपथेवर.
सांगलीचं पत्र तिकडं, तिकडचं सांगलीला,
की हल्याळचा आनंदा दत्तू मस्कर
आणि इकडचा आनंदा दत्तू मस्कर एकच.
(आम्हालाही अधूनमधून शंका येते.)
शेवटी वाहतुकीचा परवाना:
कुठून, कुठवर, कुठल्या रस्त्यानं, किती दिवसांत.
मध्येच इलेक्शन लागलं.
गावोगावच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या,
आमची आधीपासूनच तिथं,
दस्त्याला चिठ्ठी बांधून भिंतीशी उभी.

अकरा महिने.
आईला तिकडं न्यायला एक दुपार पुरली होती.

एक दिवस मुल्लांनी स्टँपपेपर पुढं सरकवला.
"तुम्हीपण वारस. तुमची काही हरकत?"
मला हसू आलं.
"हसू नका. विचारावं लागतं."

जमिनीच्या वेळी नव्हतं विचारलं कुणी.
हक्कसोडीच्या दिवशी भजी आली होती, चहा आला होता,
कागदावर कुणाचं तरी बोट, "इथं. आणि इथं."
बशीवर फुंकर घालेपर्यंत
सव्वातीन एकर सुटलं माझ्या हातून.
आणि हे दोन नळ्यांचं लोखंड,
डावा चाप कधीचाच ढिला,
याच्यासाठी सरकार थांबलंय माझ्यापुढं.

हरकत.

भुईमुगात डुकरं उतरायची तेव्हा
बॅटरी मी धरायचे.
आनंदा गोधडीत, कानात बोटं घालून.
"उजेड हलवू नको," आप्पा म्हणायचे,
मी श्वाससुद्धा बांधावर काढून ठेवायचे.
एकदाच झाडली मी, आभाळात, त्यांचा हात माझ्या हातावर.
आठ दिवस खांदा जांभळा.
बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं
आईनं पदर तिथवर ओढून दिला.

आता हे कुठल्या रकान्यात लिहू?
वर पंखा करकरत होता.
मुल्लांनी घाई केली नाही,
पेनचं टोपण काढून नुसतं धरून बसले.
तेवढं मी विसरणार नाही.

लिहिलं, हरकत नाही.
खाली पूर्ण नाव. सासरचं,
मग जरा जागा उरली होती म्हणून माहेरचंही.

सांगलीच्या लायसनवाल्या दुकानदारानं पेटी बांधली,
नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, गाठीवर लाख.
सात काडतुसं ठाण्यातच राहिली, त्यांची पावती आहे.
आनंदा स्वतः आला भाड्याची गाडी घेऊन.
वरच्या खिशातला परवाना दहादा चाचपला,
आणि मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसला,
दुसऱ्याचं तान्हं धरल्यासारखा अवघडून.
मी शेजारी भडंगाची पिशवी ठेवली.
त्याला काही लागत नाही.

नळी साफ करायचा गज मात्र मागं राहिला.
मुल्लांना दाखवला. उलटसुलट बघून म्हणाले,
"हा यादीत नाही. न्या."

परसात दोडका वर चढायला काही शोधत होता.
तिथं रोवला.
टोकाची चिंधी, आप्पांच्या धोतराची, तेलानं काळी,
आधी सोडवून घेतली.
धुतली नाही अजून.